लाइव्ह मायग्रेशन करायचंय, तर व्हीएमला खरं कार्ड कशाला?

शेंद्रा_रॅक:
इथं संभाजीनगरच्या एमआयडीसीत नवा सर्व्हर आला की लावून देणारा पहिलं एसआर-आयओव्ही चालू करून जातो, म्हणजे एका खऱ्या नेटवर्क कार्डाचे तुकडे (व्हीएफ) करून ते व्हीएमला, सर्व्हरमधल्या आभासी मशीनला, थेट द्यायची सोय. स्पीड टेस्ट दाखवायला बरं पडतं. पुढं कधीतरी चालू व्हीएम बंद न करता एका होस्टवरून (खऱ्या सर्व्हरवरून) दुसऱ्यावर हलवायची, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनची, वेळ येते आणि मग फोनवर फोन. माझं मत सरळ आहे: जे व्हीएम हलवायचं, त्याला व्हर्टआयओच द्या.

व्हर्टआयओ कार्ड म्हणजे होस्टमधलं सॉफ्टवेअरच. रांगा कुठवर वाचून झाल्या, कोणती फीचर्स ठरली, मॅक (कार्डाचा पत्ता) कोणता, सगळं हायपरवायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमूसारख्या सॉफ्टवेअरला, माहीत असतं. मेमरी आधीपासून कॉपी होत राहते, शेवटी व्हीएम क्षणभर थांबतं (क्यूएमूची डीफॉल्ट मर्यादा ३०० मिलिसेकंद) आणि त्यात ही एवढीशी माहिती पलीकडं जाते. तिकडं टॅप (व्हीएमची आभासी वायर) ब्रिजला (होस्टमधल्या सॉफ्टवेअर स्विचला) लावून तयारच असतो. व्हीएफचं तसं नाही. त्याची अवस्था कार्डाच्या पोटात. वर ते डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, मेमरीत परस्पर लिहितं, म्हणजे कोणतं पान बदललं याचाही पत्ता लागत नाही.

मांजराकाठ:
सर, २०१८ च्या पुढं या की. लिनक्स ४.१८ मध्ये नेट-फेलओव्हर आलं, क्यूएमूची बाजू ४.२ मध्ये. व्हीएमला एकाच मॅकची दोन कार्डं द्यायची, एक व्हर्टआयओ, एक व्हीएफ. एरवी ट्रॅफिक व्हीएफवरून. हलवताना व्हीएफ काढला जातो, ट्रॅफिक व्हर्टआयओवर सरकतं, पोचल्यावर तिकडचा व्हीएफ लागतो. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर क्लाउडचं अॅक्सिलरेटेड नेटवर्किंगही याच वळणाचं आहे. वर्षातून दोनदा हलवायच्या व्हीएमला वर्षभर हळू का चालवायचं?

शेंद्रा_रॅक:
काढला जातो म्हणजे गेस्टनं (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमनं) सोडला तर. ड्रायव्हर अडकलेलं व्हीएम व्हीएफ सोडत नाही आणि मायग्रेशन 'वेट-अनप्लग'मध्ये बसून राहतं. होस्ट तापलाय म्हणून घाईनं रिकामा करायला निघालोय, अन् परवानगी कुणाची मागायची तर गेस्टची! हे मला पटत नाही.

काटा_नंबर_दोन:
तुम्ही दोघंबी कार्डावरून भांडायलाव. घोळ निम्म्या वेळा ब्रिजवर असतो. आमच्या साखर कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर व्हीएमवर आहे, कार्ड साधं व्हर्टआयओ. गळीत हंगाम, बाहेर ट्रॅक्टरची रांग. व्हीएम हलवलं. स्क्रीनवर मायग्रेशन शंभर टक्के, अन् काट्याची पावती निघंना. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवायलेत.

कामून? नव्या होस्टच्या लिनक्स ब्रिजवर स्पॅनिंग ट्री (पॅकेट गोल फिरू नयेत म्हणून पोर्ट आधी रोखून धरणारी सोय) चालू होतं. टॅप लागला की पोर्ट १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. आमचं व्हीएम छोटं, त्याच्या आधीच पोचलं. पोचल्याबरोबर क्यूएमू पाच रार्प फ्रेम ('मी इथं आलो' सांगणारी छोटी पॅकेटं) सोडतं, सगळ्या एका सेकंदाच्या आत. त्यात आयपी नसतो, स्विचनं फक्त सोर्स मॅक बघून 'हा आता या पोर्टावर' एवढं शिकायचं. पोर्टच बंद, पाचही फ्रेम वाया. स्विच जुन्याच होस्टकडं पॅकेट पाठवत बसला. मोठं व्हीएम असतं तर कॉपी होईस्तोवर पोर्ट उघडलं असतं, कुणाला कळलंबी नसतं.

मांजराकाठ:
हे एकदम बरोबर. अजून एक जोडतो. गेस्ट आतल्या आत व्हीलॅन टॅग (एकाच वायरीवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखायची खूण) लावत असेल तर क्यूएमूची रार्प बिनटॅगची जाते, स्विच त्या व्हीलॅनमध्ये काहीच शिकत नाही. म्हणून व्हर्टआयओत गेस्ट-अनाउन्स आहे. होस्ट गेस्टला सांगतो, तूच हाक दे. मग लिनक्स गेस्ट प्रत्येक व्हीलॅनवर स्वतः ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे न विचारता आपला पत्ता सांगणारं पॅकेट, सोडतो. म्हणजे सर, गेस्टची परवानगी नको म्हणता, पण मदत तुमच्या व्हर्टआयओलाही लागतेच!

शेंद्रा_रॅक:
ती मदत मिळाली नाही तरी व्हीएम पोचतं तरी. व्हीएफ अडलं तर निघतच नाही. फरक आहे भाऊ.

मांजराकाठ:
तोही फरक मिटत आलाय. लिनक्स ५.१८ पासून व्हीएफआयओमध्ये (खरं कार्ड व्हीएमला देणारा लिनक्सचा भाग) कार्डाचीच अवस्था वाचून हलवायची सोय आहे, मेलानॉक्सच्या एमएलएक्स५ कार्डांना ड्रायव्हरसुद्धा तेव्हाच आला. गेस्टला विचारायचं कामच नाही.

शेंद्रा_रॅक:
दोन्ही होस्टवर तसलंच कार्ड हवं ना? आमच्याकडं एक होस्ट एका वर्षीचा, दुसरा सेकंडहँड. बजेट दोन टप्प्यांत मंजूर होतं. एखाद्या बॅकअप सर्व्हरला खरंच व्हीएफ लागत असेल तर द्या, पण मग तो हलवू नका. रविवारी बंद करून तिकडं चालू करा.

काटा_नंबर_दोन:
रविवारी? हंगामात या एकदा काट्यावर, रविवार दाखवतो.