मदत हवी आहे: न पाहिलेला मायदेश कादंबरीत कुठे सापडेल?

मंडळी, स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांत मायदेश कसा हरवतो आणि पुन्हा कसा उभा राहतो, यावर प्रबंध लिहितेय. झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक'ची (२००३) सुरुवातच घ्या: १९६८चा ऑगस्ट, अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं स्वयंपाकघर. कलकत्त्याहून आलेली गरोदर आशिमा राइस क्रिस्पीज (कुरमुऱ्यांसारखं अमेरिकी सीरियल), शेंगदाणे नि कांदा कालवून कलकत्त्याच्या फुटपाथवरची चव शोधतेय. मीठ, लिंबू, मिरची आहे. मोहरीचं तेल तेवढं नाही. माझा अख्खा मुद्दा त्या न मिळालेल्या तेलात आहे! सलमान रश्दींचा 'इमॅजिनरी होमलँड्स' हा निबंध वाचलाय, पण तो देश सोडून गेलेल्या लेखकाच्या आठवणींचा. मी अडलेय दुसऱ्या पिढीपाशी. ज्यांनी तो देश अनुभवलाच नाही, त्यांचं नेमकं काय हरवतं? यावरच्या कादंबऱ्या सुचवाल का? मराठीतल्या असतील तर आधी त्या.