ट्रेलरच्या सांगाड्याला गेलेला तडा : अनुभव धागा

मागच्या हंगामाच्या शेवटी बोट उतरवून रिकामा ट्रेलर गोड्या पाण्याने धूत असताना मागून दुसऱ्या आडव्या चॅनलवर (पन्हळीच्या आकाराच्या पोलादी दांडीवर), वेल्डिंगच्या कडेला अगदी खेटून, एक तांबूस रेघ दिसली. सुरुवातीला तो गंजाच्या पाण्याचा ओघळ वाटला. पण तारेच्या ब्रशने घासल्यावर ओघळ निघून गेला आणि रेघ तशीच राहिली. टेप लावला तर ती ४ सेंटिमीटर भरली. मग कारागिरांची जुनी युक्ती करून पाहिली : त्या जागेवर रॉकेल लावून अर्धा तास मुरू दिले, फडक्याने कोरडे पुसले आणि वरून पांढरा खडू घासला. थोड्याच वेळात खडूवर ओलसर रेघ उमटली आणि ती ७ सेंटिमीटर लांब होती. नुसत्या डोळ्यांना दिसत होता त्याच्या पावणेदोन पट तडा प्रत्यक्षात गेलेला होता.

त्यावर रंग मारून हंगाम ढकलता आला असता, पण तडा पडला कशामुळे हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. खाली वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. बोटीचा तळ ज्या लांब फळ्यांवर टेकतो, त्यांतील डाव्या फळीचा एक आधार सैल झाला होता. त्यामुळे त्याच्या वाट्याचे वजन शेजारच्या आधारावर आणि तिथून नेमके या चॅनलवर येत होते. दुरुस्ती अजून व्हायची आहे. तुमच्यापैकी कोणी तडा, वाक किंवा गंज अशी वरवर किरकोळ दिसणारी इजा हाताळली असेल, तर काय केले आणि ते पुढे कितपत टिकले, हे सविस्तर लिहावे. फसलेली दुरुस्तीही अवश्य लिहावी.

*

तुम्ही आधी कारण शोधले हे फार चांगले केलेत. मी ते केले नव्हते. माझ्या ट्रेलरच्या आडव्या चॅनलला असाच तडा गेला होता, त्यावर वेल्डिंगचा एक जाड थर चढवून घेतला आणि वर चौकोनी पट्टी आडवी ठेवून चारही बाजूंनी जोडून टाकली. सहा महिन्यांत पट्टीच्या उभ्या कडेला लागून नवा तडा आला, तोही पहिल्यापेक्षा लांब. पट्टी जिथे एकदम संपते तिथे सांगाड्याचा कडकपणा एकदम बदलतो आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या कडांना आडवे वेल्डिंग केले की तडा सुरू व्हायला आयती जागा मिळते, हे मला दुसऱ्या वेल्डरने समजावून सांगितले.

त्याने केलेले काम आज चार वर्षे टिकले आहे, म्हणून क्रमाने लिहितो. तडा जिथे संपतो त्याच्या किंचित पुढे ६ मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे तडा पुढे सरकण्यासाठी टोकदार जागा उरली नाही. मग संपूर्ण तडा ग्राइंडरने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात खोल उघडून तळापासून भरून घेतला आणि वरचा उंचवटा घासून सपाट केला. त्यानंतर चॅनलच्या उभ्या अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी बसवली. तिची दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे ताण हळूहळू वाटला जातो. वरच्या आणि खालच्या कडेला त्याने वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावला नाही.

एक कळकळीची सूचना. ट्रेलर गॅल्व्हनाइज केलेला, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेला असेल तर वेल्डिंगच्या आसपासचे जस्त आधी दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत घासून काढावे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, त्यामुळे जस्ताचा पांढरा धूर होणारच. पहिल्या वेळी मी बंद शेडमध्ये शेजारी उभा होतो. त्याच रात्री थंडी वाजून ताप भरला आणि अंग ठेचल्यासारखे दुखत होते. दुसऱ्या दिवशी उतरला, पण काम उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच करावे.

*

माझा अनुभव वाकेचा आहे, निदान मला तसे वाटले होते. उतारावर मागे घेताना ट्रेलरचे एक चाक दगडी कठड्यावर आदळले आणि पुढच्या काही फेऱ्यांत त्या बाजूचा टायर आतून झिजू लागला. सांगाडा वाकला असे गृहीत धरून मी तो सरळ करून घ्यायला निघाले होते. त्याआधी सहज मोजमाप केले. सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले तर ते मिलिमीटरभराच्या फरकाने सारखे भरले, म्हणजे चौकट काटकोनात होती. मग कपलरच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या पुढच्या भागाच्या, मध्यापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी ताणली. तिथे १२ मिलिमीटरचा फरक आला. एका बाजूचे यू-बोल्ट (आस स्प्रिंगला आवळून धरणारे इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे बोल्ट) सैल होऊन आस स्प्रिंगच्या पाट्यांवरून मागे सरकली होती. आस जागेवर आणून यू-बोल्ट नवे घातले आणि सांगाड्याला हातही लावावा लागला नाही. हे मोजमाप बोट उतरवून, सपाट जमिनीवर, ट्रेलर आडवा समतोल करून घ्यावे. बोटीच्या वजनाखाली चौकट थोडी दबते आणि आकडे फसवतात.

*

चौकोनी पाइपचा सांगाडा असणाऱ्यांनी बाहेरच्या रंगावर विसंबू नये. माझ्या ट्रेलरच्या लांब पाइपला रुपयाएवढा फुगवटा आला होता, एवढेच. हातोडीने ठोकत गेलो. इतरत्र खणखणीत आवाज येत होता, फुगवट्याजवळ मात्र बद्द. पेचकस टेकवून दाबला तर तो आरपार गेला. पाणी निचरायचे भोक चिखलाने बुजले होते आणि खारे पाणी आत साचून पाइप आतून पोखरला गेला होता. त्यावर पट्टी जोडायला चांगला धातूच उरला नव्हता. ती पूर्ण बाजू बदलावी लागली. आता प्रत्येक फेरीनंतर तारेने भोक मोकळे करतो आणि पाइपच्या आतही गोडे पाणी सोडतो.

*

दोन गोष्टी थोडक्यात. वेल्डिंगपूर्वी ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून सोडवावी आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. माझ्याकडे तो सोयीसाठी चाकाच्या बाजूला लावला होता. करंट बेअरिंगमधून गेला आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडले.

दुसरे, ट्रेलर अॅल्युमिनिअमचा असेल तर वेल्डिंगचा विचार शेवटी करावा. कडक केलेले अॅल्युमिनिअम वेल्डिंगच्या आचेने शेजारी बरेच मऊ पडते. मी तडा गेलेला आडवा भाग बोल्ट काढून पूर्ण बदलला, आणि पोलादी बोल्ट अॅल्युमिनिअमला थेट टेकू नयेत म्हणून नायलॉनचे वॉशर घातले. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू टेकले की अॅल्युमिनिअम झिजते.

*

धागा सुरू केला होता त्याचा पुढचा भाग लिहितो. आधी सैल आधार नव्या बोल्टांनी घट्ट केला आणि बोट चढवून प्रत्येक आधार फळीला टेकतो आहे ना, हे कागदाची पट्टी सरकवून पाहिले. तडा वर लिहिलेल्या पद्धतीने उघडून भरून घेतला, निमुळती पट्टी बसवली आणि उघड्या पडलेल्या पोलादावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात दिले. हा तडा आडव्या चॅनलवर होता म्हणून एवढ्यावर भागले. तो पुढच्या दांडीवर, कपलरजवळ किंवा स्प्रिंगच्या कानापाशी (स्प्रिंग सांगाड्याला जिथे अडकवतात त्या जागी) असता, तर मी तो भाग बदलल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर काढला नसता.

पट्टीच्या दोन्ही टोकांपाशी मार्करने बारीक खुणा करून ठेवल्या आहेत. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि काल पुन्हा रॉकेल आणि खडूची तपासणी केली. दोन्ही वेळा खडू कोरडा राहिला.