गूळ वाफ्यात घट्ट होत नाही, चुना वाढवला तर काळा पडतो. नेमकं कुठं बिघडतंय?

करवीर_गुऱ्हाळ
नमस्कार मंडळी. गेल्या चार आधणांचा (काहिलीच्या खेपांचा) गूळ वाफ्यात, म्हणजे पाक ओतून गार करायच्या जागेत, मऊच राहतोय. रवा (गुळाची ढेप) बांधला की दुसऱ्या दिवशी कडेनं पाझरतो. घाणा बंद असल्यानं तोडलेला ऊस तीन दिवस फडातच पडून होता. रस आंबट आहे म्हणून गुळव्यानं (गूळ शिजवणाऱ्या कारागिरानं) चुना वाढवला, तर रंग काळपट आला आणि चवही तुरट. ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचा आकडा) 20 च्या वर आहे, थर्मामीटर 118 अंश दाखवल्यावरच काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरवतो. मग काहिलीत चुकतंय कुठं?

रस_आणि_रेणू
दादा, काहिलीत येण्याआधीच तुमचा रस बिघडलाय. उसाच्या पेशीत सुक्रोज (आपली नेहमीची साखर) रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, साठलेलं असतं आणि ते तोडणारं इन्व्हर्टेज हे विकरही त्याच पेशीत असतं. पक्व, उभ्या उसात त्याचा जोर कमी असतो. ऊस तोडला की नवी साखर येणं थांबतं, कांडी सुकू लागते आणि इन्व्हर्टेजचा जोर वाढतो. 342 ग्रॅम सुक्रोज 18 ग्रॅम पाणी घेऊन 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 180 ग्रॅम फ्रुक्टोज होतं. शिवाय कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. रस बुळबुळीत, तार धरणारा लागत असेल तर तो त्याचाच परिणाम.

ब्रिक्सवर इथं अजिबात विसंबू नका. ब्रिक्स विरघळलेलं सगळं मोजतो, सुक्रोज अखंड आहे की तुटलेलं हे तो सांगत नाही. उलट ऊस सुकला की आकडा वाढतो आणि माल चांगला आहे असं वाटतं.

घट्टपणा येतो तो सुक्रोजच्या बारीक स्फटिकांमुळे. ग्लुकोज-फ्रुक्टोजचे रेणू त्या रचनेत बसत नाहीत, मध्ये अडसर होतात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून रवा मऊ राहतो.

आता चुना. ताज्या रसाचा सामू (pH, जितका कमी तितका रस आंबट) साधारण 5.2 ते 5.4 असतो. आम्लातले हायड्रोजन आयन तापल्यावर सुक्रोज तोडतात. सामू एकानं चढवला की तो वेग दहापट उतरतो, म्हणून चुना हवाच. पण आधीच तुटलेली साखर चुन्यानं परत जुळत नाही. त्यात सामू 7 च्या पुढं गेला की गरम रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज फुटून गडद रंगाची आम्लं होतात. जितका रस शिळा, तितका जादा चुना त्याला जास्त काळा करतो. तुमच्याकडं नेमकं हेच झालंय.

चुन्याची फक्त निवळी (वरचं स्वच्छ पाणी) घ्या, खालचा गाळ नको. रस कोमट असतानाच थोडी थोडी घालून ढवळा, नमुना गार करून 5 ते 8 पट्ट्याच्या सामू-कागदानं बघा आणि 6.2 ते 6.4 ला थांबा. रसातल्या फॉस्फेटशी चुन्याचा कॅल्शियम जुळून गुठळ्या होतात, रसात घातलेल्या भेंडीच्या चिकातली लांब साखळ्यांची शर्करा त्या एकत्र बांधते आणि मळी (रसातली घाण) वर येते. ही पहिली मळी रसाला उकळी फुटायच्या आत काढा. एकदा रस खळखळला की गुठळ्या फुटतात आणि मळी पुन्हा रसात मिसळते.

पाकशास्त्र_गडहिंग्लज
वरच्या उत्तराशी सहमत. 118 बद्दल मात्र एक गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी 98 अंशालाच उकळतं. आधी तुमचा थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात धरून आकडा लिहून ठेवा. 100 किंवा 101 दाखवत असेल तर तो चढा आहे, म्हणजे 118 दिसतं तेव्हा पाक अजून कच्चा असतो. शेवटचा निर्णय गोळीवरच घ्या: गार पाण्यात टाकलेली गोळी टणक व्हायला हवी, आपटल्यावर खणखणीत वाजली पाहिजे.

रंगाचं दुसरं कारण युरिया. उशिरा दिलेल्या नत्रानं रसात अमिनो आम्लं वाढतात आणि ती उष्णतेत ग्लुकोज-फ्रुक्टोजशी जुळून तपकिरी होतात. अखंड सुक्रोज या भानगडीत पडत नाही, कारण त्याची क्रियाशील टोकं एकमेकांतच गुंतलेली असतात. ताज्या उसाचा गूळ उजळ का निघतो, ते यात आलं. काळा रंग लपवायला हायड्रोस (रंग उडवणारं रसायन) तर मुळीच टाकू नका. हवा लागली की रंग परत येतो, सल्फाइट मात्र गुळात राहतं.

प्रयोगशाळा_राजारामपुरी
गुळातली साखर किती तुटलीय ते बेनेडिक्ट द्रावणावर (ग्लुकोज-फ्रुक्टोज असलं की रंग बदलणारं निळं द्रावण) घरी कळतं. 10 ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून 100 मिली करा. त्याचे 8 थेंब 5 मिली बेनेडिक्टमध्ये टाकून नळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवा. हिरवा रंग राहिला तर तुटलेली साखर ढोबळ मानानं 5 टक्क्यांच्या आत, पिवळा म्हणजे 10 पर्यंत, नारिंगी त्याच्या वर, विटकरी झाला तर 20 च्या पुढं. पहिल्या प्रतीच्या गुळाला भारतीय मानकात मर्यादा 10 टक्के आहे. नमुन्यात लिंबू किंवा आम्ल घालू नका, उकळताना तेच सुक्रोज तोडेल.

पावसाळ्याआधी हे तपासाच. फ्रुक्टोज हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या थोडी वर गेली की पाणी ओढू लागतं, शुद्ध सुक्रोज जवळपास 85 टक्क्यांपर्यंत तग धरतं. आणि दोन्ही एकत्र असली की मिश्रण त्या दोघांच्याही आधी पाणी धरतं. जूनमध्ये कोल्हापूरच्या हवेत असा रवा टिकणार नाही.

करवीर_गुऱ्हाळ
आभार. आत्ता बेनेडिक्ट केलं, विटकरी आलं. हा झालेला गूळ पुन्हा आटवून घट्ट होईल का?

रस_आणि_रेणू
नाही. आटवून पाणी जाईल, सुक्रोज परत येणार नाही, वर रंग आणखी काळवंडेल. आंबूस वास आला नसेल तर पाण्यात विरघळवून गाळा आणि 105-106 अंशांवर उतरवून काकवी (पातळ गूळ) करा. काकवीत खडे धरू नयेत म्हणून किलोला 0.4 ग्रॅम सायट्रिक आम्ल मुद्दाम घालतात, म्हणजे तिथं सुक्रोज थोडं तुटलेलंच हवं असतं. तुमच्या मालात ते आधीच तुटलंय, आम्लाची गरज पडणार नाही. पुढच्या तोडीला मात्र आधी घाणा चालू असल्याची खात्री करा, मग कोयता लावा. तोडलेला ऊस 12 तासांत गाळा, 24 च्या पुढं नको.