मदत हवी आहे: बुकिंग साइटचा हिशेब दुसऱ्याकडे कसा सोपवावा?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीहून होमस्टे बुकिंगची वेबसाइट एकटाच चालवतो. घरं पेडणे, सत्तरी, काणकोणची, सगळी पर्यटन खात्याकडे नोंदवलेली. धंदा छान चाललाय. कोडिंगला फारसा वेळ लागत नाही, खरा वेळ खातो तो हिशेब. पेमेंट गेटवेकडून (ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याकडे पाठवणारी कंपनी) खात्यात एकच रक्कम येते; त्यांचं कमिशन, त्यावरचा १८% जीएसटी आणि जुन्या बुकिंगचे रिफंड आधीच वळते केलेले. त्यातून कुठल्या घरमालकाला किती द्यायचे, ते ओळ न् ओळ जुळवून काढावं लागतं. शिवाय दर महिन्याला १० तारखेच्या आत जीएसटीआर-८ (ऑनलाइन प्लॅटफॉर्मवाल्यांनी भरायचं जीएसटी रिटर्न). घरमालकांचे पैसे अडकलेले मला बघवत नाहीत.

एक्सेलमध्ये फॉर्म्युले लावून पाहिले, पण अर्धवट रिफंड आला की गाडी अडते. पैसे परस्पर घरमालकांच्या खात्यात जायची सोय गेटवेकडे आहे, पण केवायसीमुळे बरेच जण नको म्हणतात. सीए फक्त रिटर्न भरतात. पूर्णवेळ माणूस परवडणार नाही.

अर्धवेळ हिशेबनीसाला फक्त रिपोर्ट बघण्यापुरतं लॉगिन देऊन हे काम कोणी करून घेतलंय का? आणि रिफंडची मंजुरी स्वतःकडेच ठेवलीत की तीही सोपवलीत?