बेस गिटार शिकणाऱ्याने सुरुवातीलाच स्लॅपच्या, म्हणजे अंगठा तारेवर आपटून वाजवण्याच्या, नादी लागावं का?

खर्जातला:
माझं मत सरळ आहे, लागू नये. हल्ली नवा बेस घेतला की आठवड्याभरात अंगठा आपटणं सुरू, कारण रीलमध्ये तेवढंच दिसतं. अशांना मी विचारतो, सगळ्यात जाड ई तारेवरून ए तारेवर गेलास की मागची ई गप्प कोण करतं? उत्तर नसतं. ती मोकळी ई साधारण 41 हर्ट्झवर घुमते. ती घुमत राहिली आणि वर दुसरा सूर आला की सगळ्याचा काला.

म्हणून आधी तर्जनी आणि मधलं बोट, आळीपाळीने, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) टेकवायचा आणि पातळ तारांकडे गेलात की तो सरकवून ई तारेवर ठेवायचा.

स्लॅप आला कुठून तेही बघा. स्लॅप रुजवणारे अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचे, सोबत ड्रमर नव्हता. अंगठ्याची थाप बेस ड्रमच्या जागी, बोटाने खेचून सोडलेली तार स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या जागी. तुमच्या बँडमध्ये ड्रमर बसलेला असताना त्याच्या जागेत घुसायचं कशाला?

अंगठेबहाद्दर:
उदाहरण तुमचंच, पण ते माझ्या बाजूने बोलतंय. ग्रॅहम काही 'आधी दोन बोटांचा कोर्स, मग थाप' असं करत बसले नव्हते. गरज पडली, हात चालवला.

आणि स्लॅपला तारा दाबायची शिस्त लागत नाही हे कुणी सांगितलं? डाव्या हाताची बोटं जरा उचलली गेली की चारही तारा बोंबलतात. अंगठा मारायचा तो फ्रेटबोर्ड (फ्रेट म्हणजे आडव्या पट्ट्या बसवलेली दांडी) संपतो तिथे, हाडाच्या बाजूने, मनगट फिरवून. किल्ली फिरवतो तसं. नवशिके हातोडा मारतात आणि मग स्लॅपला नावं ठेवतात.

दोन बोटांचं एवढं कौतुकही नको. बेसवादक जेम्स जेमरसन मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत नुसत्या तर्जनीने वाजवायचे. तारा सपाट गुंडाळीच्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या.

खर्जातला:
जेमरसन आधी डबल बेस वाजवायचे, हे सोयीस्कर गाळलंत. ते एक बोट तिथून तयार होऊन आलं होतं. स्लॅपमध्ये चूक लपत नाही म्हणाल, तर ठीक. पण अँप नसलेल्या पोराला ती ऐकू तरी येते का? त्याला फक्त टकटक ऐकू येते आणि तो खूश.

पिकवाली:
नेहमीप्रमाणे पिक, तार छेडायची ती छोटी चकती, कुणाच्या खिजगणतीत नाही! कॅरल के आधी गिटार वाजवायच्या, मग बेसवर आल्या आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत पिकनेच वाजवत राहिल्या, तारांवर फेल्टचा तुकडा लावून. तरी आमच्याकडे 'पिक म्हणजे बोटं चालत नाहीत' हे टोमणे आहेतच.

मी गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवते. मांडवात दोन्ही बाजूंचे स्पीकर आधीच घुमत असतात, तिथे मऊ बोटांचा बेस नुसता जाणवतो, सूर कळत नाही. तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथे बेसच्या अंगावर अडकवतात तिथे) टेकवून पिकने वाजवलं की गायकाला सूर सापडतो. शिकवताना निदान तिन्ही दाखवा, पुढे ज्याला जे लागेल ते तो धरेल.

नवा भिडू:
तुमचं चालू द्या. माझे हात लहान आहेत. पहिल्या फ्रेटजवळ चार बोटं चार फ्रेटला पुरत नाहीत, मनगट भरून येतं. काय करू?

खर्जातला:
पुरवूच नका. बहुतेक बेसवर तारेची वाजती लांबी 34 इंच असते, तिथल्या फ्रेट लांब लांबच असणार. खालच्या भागात डबल बेसवाल्यांची रीत धरा. पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मधलं, तिसऱ्याला करंगळी आणि तिच्या आधाराला अनामिका. चौथी फ्रेट हवी तर हात सरकवा. पाचव्या फ्रेटच्या पुढे चार बोटांना चार फ्रेट. पट्टा आखूड करा, म्हणजे मनगट वाकणार नाही. तरीही दुखलं तर त्या दिवशी बेस खाली ठेवा.

अंगठेबहाद्दर:
पट्ट्याचं शंभर टक्के बरोबर. लेव्हल 42 या बँडचे मार्क किंग बेस जवळजवळ छातीशी धरतात, आणि वाजवतात काय? स्लॅप! बघा, तुम्हीच पोराला माझ्याकडे धाडताय.

पिकवाली:
नव्या भिडू, बेस आण तू. पिक मी देते.