मान्यता नाही म्हणजे 'भेसळ'?

पाऊलखुणा (धागाकर्ती): "केनेल क्लबच्या नोंदवहीत नाही ती जात नव्हे, भेसळ," असे 'वंशावळ' यांनी काल लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या जातींना मान्यता देऊन त्यांच्या वंशावळी नोंदवणारी संस्था. अलास्कन हस्कीला मोठ्या केनेल क्लबांची मान्यता नाही. तरी अलास्कातल्या इडिटारॉड या सुमारे १६०० किलोमीटरच्या, बर्फावर कुत्र्यांनी गाडी ओढण्याच्या (स्लेज) शर्यतीत प्रामुख्याने तीच धावतात. १९९५ साली अमेरिकन केनेल क्लबने बॉर्डर कॉलीला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा तिला मेंढ्यांमागे राबवणाऱ्यांनीच कडाडून विरोध केला, कारण रूप जोपासताना कामाची उपजत जाण हरवेल अशी त्यांना धास्ती होती.

वंशावळ: हस्कीच्या आडून लाब्राडूडल (लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर) विकणाऱ्यांचे फावते, त्याचे काय? माझ्या बहिणीने 'केस न गळणारे' म्हणून पिल्लू घेतले. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागितले, तर विक्रेत्याने विषयच बदलला. दीड वर्षाचे झाल्यावर ते जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखे उड्या मारू लागले. खुब्याचे सांधे निकामी होत चालले होते.

रानवाट: बहिणीच्या कुत्र्याबद्दल वाईट वाटते, परंतु तो दोष विक्रेत्याचा आहे, संकराचा नव्हे. १९८९ साली वॉली कॉनरन यांनी ऑस्ट्रेलियात हा संकर केला, तो एका अंध स्त्रीसाठी, जिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. पहिल्या वेतातल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या पतीला चालले. 'केस न गळणारे' ही हमी तेव्हाही सरसकट नव्हती.

वंशावळ: म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले! ज्या संकराचे गुण पिल्लागणिक बदलतात, त्याला जात म्हणायचे कशाच्या आधारावर?

पाऊलखुणा: आणि गुण पक्के करण्याच्या हट्टापायी दोषही पक्के होतात, ते? शुद्ध डाल्मेशियनच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असते, त्यातून खडे होतात. १९७३ साली एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीशी संकर करून निरोगी जनुक परत आणले गेले, पण अमेरिकन क्लबने त्या वंशासाठी नोंदवही कायमची उघडली ती २०११ साली! माझा डाल्मेशियन लघवी अडकून रात्रभर कण्हत होता. त्याची वंशावळ निर्दोष होती, असे कृपया मला ऐकवू नका.

वंशावळ: डाल्मेशियनपुरते मान्य करतो आणि 'भेसळ' हा शब्द मागे घेतो. नोंदवहीचा आग्रह मात्र सोडणार नाही.

रानवाट: नोंदवही हवीच, पण ती केनेल क्लबचीच कशाला? १९०६ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवते, आणि तिथे एखाद्या नोंद नसलेल्या कुत्र्यालाही कामाच्या गुणांवर प्रवेश मिळू शकतो.

वंशावळ: त्या नोंदवहीला माझी हरकत नाही. बहिणीला पिल्लू विकणाऱ्याकडे तीही नव्हती.