गेरूच्या भिंतीवर हलतं वारली: प्रोजेक्शनचं पहिलं काम घेताना

कुडाची_भिंत:
मी कागदा-कापडावर वारली काढतो, आणि एका संग्रहालयाकडून मला प्रोजेक्शनचं पहिलं काम आलंय. गेरू-शेणाने सारवलेली भिंत, त्यावर 4 मीटर रुंद, 3 मिनिटांचं फिरतं तारपा नृत्य (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवती गोल नाचतात), आवाजासकट. सहा महिने रोज चालणार. करार दीड पानी, त्यात हक्कांबद्दल एकच वाक्य: "सर्व हक्क संस्थेकडे राहतील." प्रोजेक्टर किती ल्युमेनचा (म्हणजे किती उजेडाचा) मागायचा? कापडावरची जुनी चित्रं हलवता येतील, की सगळं नव्याने काढायचं? आणि करारात काय बदलून घ्यायचं? पुढे याच वाटेने काम करायचंय, एकदाची हौस नाही.

उजेडमाप:
ल्युमेन नंतर, आधी भिंत. गेरूवर पांढरी रेघ टाकली तर ती पांढरी दिसतच नाही, विटकरी-पिवळट दिसते. गेरू लाल उजेड परत पाठवतो आणि बाकीचा गिळतो, त्याला प्रोजेक्टर काही करू शकत नाही. वर प्रोजेक्टरला काळा रंगही टाकता येत नाही. "काळा" म्हणजे फक्त कमी उजेड, म्हणून अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती राखाडी चौकोन उमटतो आणि सगळी मजा जाते.

यातून दोन वाटा निघतात. एक, भिंत पांढरी करून गेरूसुद्धा व्हिडिओतूनच टाकायचा. सोपं आहे, पण मग मोठा टीव्ही लावला तरी काय बिघडलं? दुसरी वाट जास्त चांगली: नर्तकांची माळ भिंतीवर हाताने पांढऱ्याने रंगवायची आणि हलतो तो फक्त उजेड. एकेक आकृती उजळते, विझते, वळण पुढे सरकतं. पांढऱ्या रंगावरून उजेड नीट परततो, गेरू मागे राहतो.

जुळवणी मात्र उलट्या क्रमाने करा. आधी रंगवून मग व्हिडिओ बसवायला गेलात तर आठवडा जाईल. प्रोजेक्टर कायमच्या जागी घट्ट बसवा, अर्धा तास चालू ठेवा (तापल्यावर चित्र थोडं सरकतं), मग रेखाचित्र भिंतीवर टाकून खडूने गिरवा आणि त्यावर रंगवा. झूम आणि फोकसच्या कड्यांना लगेच चिकटपट्टी लावा.

आता आकडे. 4 मीटर रुंद, 16:9 म्हणजे उंची 2.25 मीटर, क्षेत्रफळ 9 चौरस मीटर. 4,500 ल्युमेन भागिले 9 म्हणजे 500 लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड). खोलीत अंधार असेल तर पुरतात, खिडकी उघडी असेल तर नाही. साध्या लेन्सचा थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 धरला तर प्रोजेक्टर 6 मीटर मागे जातो आणि प्रत्येक पाहुण्याची सावली नाचात सामील होते. 0.5 ची शॉर्ट-थ्रो लेन्स मागा, 2 मीटरमध्ये काम होतं. लेझर प्रोजेक्टरच घ्या. दिव्याचा असेल तर सहा महिन्यांत उजेड उतरतो आणि दिवा बदलायचा कोणी, यावर वाद सुरू होतात.

व्हिडिओ रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून चालवणार असाल तर त्याची फाइल सिस्टिम फक्त-वाचन (रीड-ओन्ली) करून ठेवा. रात्री मेन स्विच पाडून घरी जाणारे लोक असतात, त्यात एसडी कार्ड खराब होतं.

दोन_त्रिकोण:
जुन्या कापडाला फ्लॅटबेड स्कॅनर लावू नका. काच दाबली की तांदळाच्या पिठाचे पापुद्रे सुटतात. कॅमेऱ्याने घ्या: दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे, कडेला ग्रे कार्ड (रंग जुळवायला ठेवायचा राखाडी पुठ्ठा). ए2 आकार 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) हवा असेल तर साधारण 35 मेगापिक्सेल लागतात. 24 चा कॅमेरा असेल तर दोन तुकड्यांत घेऊन जोडा.

पण जुनी चित्रं हलवायच्या फंदात फारसं पडू नये असं माझं मत. माळेत हात एकमेकांत गुंफलेले असतात, एक माणूस कापला की शेजाऱ्याचा हात जातो. आकृत्या हलवायच्याच असतील तर त्या नव्याने, सुट्या काढा. एका नर्तकाचे 11 तुकडे: डोकं, दोन त्रिकोण, हातांचे चार, पायांचे चार. दोन त्रिकोण जिथे टोकाला टेकतात तीच कंबर, सांधा तिथेच ठेवा. दोन पिक्सेल जरी बाजूला गेला तरी वाकताना माणूस मोडल्यासारखा दिसतो. सेकंदाला 12 चित्रं पुरतात, म्हणजे 3 मिनिटांना 2,160. चोवीसने केलं तर हालचाल इतकी गुळगुळीत होते की हाताची रेघ हरवते.

रेघेची जाडी भिंतीवर मोजा, मॉनिटरवर नाही. 1920 पिक्सेल 4 मीटरवर पसरले की एक पिक्सेल 2 मिलिमीटरचा. 15 सेंटिमीटरचा नर्तक जेमतेम 72 पिक्सेलचा होतो. रेघ 3 पिक्सेलपेक्षा बारीक ठेवली तर हलताना थरथरते. फोटोतून गेरूची पार्श्वभूमी हटवताना थ्रेशोल्ड (ठरावीक उजळपणाखालचं सगळं एकदम कापणं) वापरू नका, ठिपक्यांच्या कडा करवती होतात. उजळपणाच पारदर्शकतेसाठी वापरा.

कलम_सतरा:
ते एक वाक्य सगळ्यात महाग पडेल. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: मोबदला देऊन करवून घेतलेलं चित्र किंवा फिल्म असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा. म्हणजे वाक्य नुसतं खोडून भागत नाही, उलटं लिहून घ्यावं लागतं: "कॉपीराइट चित्रकाराचा, संस्थेला या जागी, सहा महिने, दाखवण्याचा परवाना." हक्क द्यायचेच झाले तर कलम 19 प्रमाणे मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

मानधन, निर्मितीखर्च आणि उपकरणांचं भाडं तीन वेगळ्या ओळींत मागा. एकत्र आकडा दिला की प्रोजेक्टर मानधन खातो. उजेडाच्या फाइलची मर्यादित आवृत्ती ठरवा, विकायच्या 5 प्रती आणि चित्रकाराच्या स्वतःच्या 2, प्रत्येकीला सही केलेलं प्रमाणपत्र. भिंत सहा महिन्यांनी पुसणार का, तेही लिहा.

श्रेयफलकावर नाव हवंच, नुसतं "वारली कला" नको. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 1989 ला पॅरिसच्या प्रदर्शनात होते, 2011 ला पद्मश्री मिळाली, तरी आजही कॅटलॉगमध्ये "ट्राइबल आर्ट" एवढंच लिहिणारे भेटतात. जीआयवर (वारली चित्रकलेला मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकावर) विसंबू नका. ते नाव राखतं, तुमचं चित्र नाही. तरी चेन्नईच्या जीआय नोंदणीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घाला, परदेशी मागणीत कामाला येतं.

कुडाची_भिंत:
उजेडाचीच वाट घेतो. आणखी एक: संस्थेला सुरुवातीला लग्नचौक (लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र) हवाय, मधली पालघट देवी हळूहळू उमटताना.

दोन_त्रिकोण:
तो चौक लग्नात सवासिनी काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाते. त्याचं तीन मिनिटांनी पुन्हा पुन्हा उमटणारं शीर्षक करायचं का, हे पाड्यातल्या बायांना विचारा. नको म्हणाल्या तर संस्थेला सरळ सांगा आणि सुरुवात तारपकऱ्यापासून (तारपा वाजवणाऱ्यापासून) करा. तो तसाही वळणाच्या मध्यावर असतो.

आवाजाचं राहिलं. तारप्याचा सूर अखंड चालतो, त्यामुळे लूपचा सांधा लगेच ऐकू येतो. 3 मिनिटं 10 सेकंद ध्वनिमुद्रण करा आणि शेवटचे 10 सेकंद पहिल्या 10 वर क्रॉसफेडने (एक आवाज विरत असताना दुसरा वाढवत) चढवा. वाजवणाऱ्याचा करार वेगळा.